सहाची गाडी

बीडच्या मोटार अड्ड्यावर मी सात वर्षे तिकिटे दिली. निजामाचा अंमल होता. जिल्ह्यात रेल्वे नव्हती, त्यामुळे पुण्याकडे जाणाऱ्याला आमच्या मोटारीने नगर गाठून तिथे गाडी धरावी लागे. मोटार सकाळी सुटायची, कडा गावाच्या पुढे इंग्रजी मुलखाच्या सरहद्दीवरच्या नाक्यावर सामानाची झडती व्हायची आणि दुपारी एकच्या सुमाराला उतारू नगर स्टेशनासमोर उतरायचे. पुण्याकडे नेणारी दौंडची गाडी संध्याकाळी सहाला. मधले पाच तास कसे काढायचे, हे पुष्कळांना कळत नसे. मी स्वतः पहिल्यांदा गेलो तेव्हा चुकीच्या खिडकीसमोर उभा राहून गाडी घालवली होती. म्हणून मी प्रत्येकाला विचारून घ्यायचो, कुठे जाणार, बरोबर कोण, सामान किती. मग सांगायचो की दोन वेळची भाकरी बांधून घ्या, मुसाफिरखान्यात नळाजवळ बसा, तिकीट आणायला अनोळखी माणसाला पाठवू नका, खिडकी पाचला उघडते.

हे सांगायला मला कुणी नेमले नव्हते आणि त्याचे काही मिळतही नव्हते. बहुधा तेच लोकांना खटकायचे. मी नाक्यावाल्यांचा खबऱ्या आहे, अशी कुजबुज होती.

एकदा लिंबागणेशकडचा एक शेतकरी बायकोला घेऊन आला. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, तो काढायला पुण्याला निघाले होते. बाईच्या मांडीवर फडक्यात बांधलेले काहीतरी जड होते. मी नेहमीसारखे विचारले, "यात काय आहे?"

"तुमाला कावून पायजे?" तो म्हणाला.

मी पुढे विचारले नाही, गाडीची वेळ तेवढी सांगितली. शेजारी एक तरुण मास्तर उभे होते. पुण्याच्या एका शाळेतल्या जागेसाठी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची मुलाखत होती. त्यांनी माझे सगळे बोलणे कागदावर टिपून घेतले.

त्या दिवशी टायर आणायला मलाही नगरला जायचे होते, म्हणून मी त्याच मोटारीत बसलो. नाक्यावर शिपायाने नेमके त्या बाईचे गाठोडे सोडायला लावले. आत तांब्याची कळशी निघाली, तोंडाला कणीक लावून बंद केलेली. घरच्या विहिरीचे पाणी होते. स्टेशनवरचे पाणी कुणाच्या हातचे कोण जाणे, म्हणून बाईने ते बरोबर घेतले होते. शिपाई हसला आणि त्याने ते जाऊ दिले. नवरा मात्र तिथून नगर येईपर्यंत माझ्याकडे बघत होता. मीच शिपायाला खुणावले, असे त्याला वाटले होते. इकडे मीही मनात म्हणत होतो, नुसत्या पाण्यासाठी माणूस एवढे लपवील का? कळशीच्या तळाशी आणखी काही असेल.

नगरला मी टायरच्या दुकानात गेलो. मास्तर म्हणाले, "खिडकी पाचला ना? मग तोवर गावात एका मित्राला भेटून येतो."

पाचला मी त्यांना निरोप द्यायला स्टेशनवर आलो, तेव्हा ते रिकाम्या फलाटावर पिशवी घेऊन उभे होते. त्या महिन्यापासून वेळ बदलली होती. गाडी साडेचारलाच गेली होती आणि दुसरी थेट उद्या होती. त्यांनी खिशातला कागद काढून माझ्यापुढे धरला.

ती जागा माझ्या मावसभावाला मिळाली. तोही उमेदवार होता आणि दोन दिवस आधीच पुण्याला गेला होता, हे मला ठाऊक होते. मास्तरांना ते मागाहून कळले. एका बाजारच्या दिवशी त्यांनी मला विचारले, "मला चुकीची वेळ द्यायला घरच्यांनी सांगितलं होतं, की तुम्हालाच सुचलं?" आवाज अजिबात चढलेला नव्हता. मी शपथा घेतल्या. जितक्या घेतल्या, तितका मी मलाच लबाड वाटू लागलो. वेळ बदलल्याचे भाऊ मला कळवू शकला असता. त्याने का कळवले नाही, हे त्याला विचारायचे धाडस मला कधी झाले नाही. गावात लोक माझ्याकडून तिकीट घेत आणि मी बोलू लागलो की पाठ फिरवत.

महिन्याभराने शेतकरी आणि त्याची बायको परत आले. बाईला दिसू लागले होते. मी त्याला बाजूला घेऊन विचारले, "तुम्हाला गाडी मिळाली कशी?"

"तुमचं ऐकलं न्हाई म्हनून," तो म्हणाला. "मोटारीतून उतरलो ते खिडकीपशीच बसलो. हमालाला इचारलं, झाडूवाल्याला इचारलं, पाणीवाल्याला इचारलं. तिघं बी साडेचार म्हनले."

"मग एवढं मास्तरांना सांगा. तुम्हालाही मी सहाच सांगितले होते, एवढंच."

"आमी दुसऱ्याच्या भांडनात पडत न्हाई." त्याने गाठोडे उचलले.

बाई मात्र जागची हलली नाही. तिने पहिल्यांदाच माझा चेहरा पाहिला असावा. मग नवऱ्याला म्हणाली, "सांगायला काय जातंय? खरं हाय ते."

मास्तरांचे घर जवळच होते. ती पुढे, नवरा कुरकुरत मागे आणि त्याच्या मागे मी. दारात उभी राहून ती म्हणाली, "या तिकिटाच्या मुन्शीनं आमाला बी सहाच सांगितले हुते. त्येलाच ठावं नव्हतं."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "यांना तुम्हीच घेऊन आलात का?" त्यांनी मला विचारले.

"हो," मी म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

"बरं," ते म्हणाले आणि त्यांनी बाईला बसायला पाट दिला.

पुढच्या वर्षी त्यांना औरंगाबादेत जागा मिळाली. जायच्या दिवशी ते अड्ड्यावर आले आणि तिकीट माझ्याच हातून घेतले. मी मोटारीची वेळ सांगितली. त्यांनी मान हलवली, ट्रंक टपावर चढवली आणि ड्रायव्हरजवळ जाऊन तीच वेळ पुन्हा विचारली.