प्रत्येक फोटोत तोच

लेक अमेरिकेत ज्या कॉलेजात शिकवते, तिथल्या व्यायामशाळेबाहेरच्या पॅसेजमध्ये मी तिची वाट बघत उभी होते. भिंतभर जुन्या संघांचे फोटो. फुटबॉलच्या संघाशेजारी हॅट घातलेला एक सडपातळ माणूस. पुढे बास्केटबॉल, तिथेही तोच. त्याच्यापुढे बेसबॉल, पुन्हा तोच! लेक आली तशी मी ओरडलेच, "अगं, हा बघ, इथेही हाच!"

ती हसली. "आई, शंभर वर्षांपूर्वी छोट्या कॉलेजात सगळ्या खेळांना एकच कोच असायचा. ऋतू बदलला की तो खेळ बदलायचा."

मग मला राहवेना. फोटो बघत मी जवळजवळ पळतच सुटले. त्याची मिशी पांढरी झाली, गाल बसले. शेजारची मुलं मात्र दरवर्षी विशीचीच! जरा तयार झाली की ती निघून जायची, आणि हा नव्यांना पुन्हा चेंडू धरायला शिकवायचा. मी आयुष्यभर दुसरीचा वर्ग सांभाळला, दर जूनला पुन्हा बे एके बे. म्हणून प्रत्येक फोटोत मी त्याचा कंटाळा शोधला. कुठे म्हणून सापडला नाही! शेवटच्या फोटोत तर सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत आणि हा म्हातारा एकटा मान वळवून बाहेर कुठेतरी. तिथे नक्की पुढची मुलं सराव करत असणार!

एवढ्यात मैदानावर शिट्टी वाजली.

"आई, गुडघे!" लेक मागून ओरडली. मी केव्हाच खिडकीशी पोचले होते.