आगाशेबाईंची खुर्ची

दुरुस्तीला आलेला माणूस आधी पाना मागतो, नाहीतर पाणी. आगाशेबाई खुर्ची मागत. मिक्सर बंद पडलेला असो, दाराची बेल आपोआप वाजत असो की सोसायटीचा पंप रुसलेला असो, बाई येत, खुर्ची मागत, तिच्यावर बसत आणि हात मांडीवर ठेवून त्या बिघडलेल्या वस्तूकडे नुसत्या बघत राहत. अर्धा तास, कधी पाऊण तास. एकदा आमची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे थांबायला लागली, तेव्हा बाई तळमजल्यावर लिफ्टसमोर खुर्ची टाकून बसल्या. सेक्रेटरी जोगांना राहवेना. "बाई, काही करताय ना?" बाई म्हणाल्या, "करतेय की. तुम्हाला दिसत नाहीये, एवढंच." चाळीस मिनिटांनी त्यांनी सांगितलं, की लिफ्ट ठीक आहे, चौथ्या मजल्यावरची मुलं दार उघडं धरून सायकल आत घेतात. मुलांना बोलावलं. खरंच घेत होती.

आगाशेबाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. त्या काळी बाई म्हणजे ऑपरेटर, असाच सगळ्यांचा समज. या मात्र तपासणीच्या टेबलावर होत्या. म्हणजे कुणाचा फोन बंद पडला, की तो का बंद पडला हे शोधून काढायचं. यजमान लवकर गेले होते, मूलबाळ नव्हतं, एक पुतण्या सदाशिव पेठेत होता आणि दर रविवारी येऊन जायचा. विश्रांतवाडीतल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावरचा फ्लॅट त्यांचा. खिडकी थेट पार्किंगकडे. त्या खिडकीतून त्यांना सगळं दिसायचं आणि त्यातलं बरंचसं त्या बोलून दाखवायच्या.

त्यांची एक आवडती गोष्ट होती, ती मी निदान दहा वेळा ऐकली असेल. सदाशिव पेठेतले एक गृहस्थ. फोन बंद पडला म्हणून त्यांनी तक्रार केली. बाईंनी त्यांची लाइन तपासायला घेतली, तर रिसीव्हर उचललेला, म्हणजे तपासणी होणार नाही. पाच मिनिटांनी पुन्हा घेतली, पुन्हा उचललेला. तो गृहस्थ फोन दुरुस्त झाला का हे बघायला दर दोन मिनिटांनी रिसीव्हर उचलून कानाला लावत होता. तीन दिवस हेच. वर लेखी तक्रार, की खातं झोपा काढतं. "शेवटी मी लाइनमन पाठवला," बाई सांगत. "त्याला म्हटलं, काही करू नकोस. रिसीव्हर खाली ठेव आणि त्यांच्याशी अर्धा तास गप्पा मार. तेवढ्यात इकडे माझं काम झालं. कार्डावर मी लिहिलं, दोष: ग्राहक." साहेबांनी ते खोडायला लावलं, हे सांगताना इतक्या वर्षांनीही त्यांचं नाक फुगायचं.

आता माझ्याबद्दल थोडं सांगणं भाग आहे. मी हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये. कंपनीच्या बसने जातो, बसने येतो. तरीही मी इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि महिनाभर भेटेल त्याला पेट्रोल या विषयावर व्याख्यान दिलं. आगाशेबाई मला तेव्हापासून "इंजिनिअरसाहेब" म्हणायला लागल्या. गाडी घेण्याचं खरं कारण वेगळं होतं. अनघाला, माझ्या बायकोला, सहावा महिना होता. आमचा दवाखाना पार कोथरूडला, कारण अनघाचा विश्वास त्याच डॉक्टरीणबाईंवर. वेळ आली की फोन करून टॅक्सीची वाट बघत बसायचं नाही, स्वतःच्या गाडीने न्यायचं, हे मी ठरवलं होतं आणि तिला वचनही दिलं होतं.

दीड महिन्याने एका शनिवारी तपासणीला निघालो. अनघा फाइल घेऊन गाडीपाशी उभी. मी किल्लीचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. गाडी ढिम्म. दार उघडेना, दिवा लागेना. जोग पाहत होते, वॉचमन पाहत होता. खिडकीतून आवाज आला, "इंजिनिअरसाहेब, पेट्रोल संपलं का?"

सर्व्हिसवाला आला तेव्हा मला नवीन माहिती मिळाली. गाडी चालवणारी मोठी बॅटरी खाली असते, ती भरलेली होती. पण दारं, दिवे, आतला कॉम्प्युटर यांना साध्या गाडीसारखीच एक छोटी बॅटरी लागते. ती उतरली, की मोठी कितीही भरलेली असो, गाडी उघडतच नाही. त्याने छोटी बॅटरी बदलून दिली. पंधरा दिवसांनी तीही उतरली. त्यांनी गाडी नेली, दोन दिवस ठेवली, "सर, सॉफ्टवेअर अपडेट केलंय, आता ऑब्झर्वेशनखाली ठेवा," असं सांगून परत दिली. मी ऑब्झर्वेशनखाली ठेवली. आठ दिवसांत पुन्हा उतरली.

अनघाने मला आरडाओरडा न करता सांगितलं, "हे बघ, त्या दिवशी ही उघडली नाही, तर मी रिक्षाने जाणार. आणि मुलाचं नाव रिक्षावाला सांगेल ते ठेवणार." ती हसत होती, पण रात्री तिला झोप लागत नव्हती, हे मला माहीत होतं. मलाही लागत नव्हती. आठवा महिना संपत आला होता.

एका संध्याकाळी बसमधून उतरून येत होतो, तर बाईंनी खिडकीतून हाक मारली. "अहो, तुमच्या गाडीचं काय ते मला बघू द्या."

"बाई, ती इलेक्ट्रिक गाडी आहे."

"मग? मी काय चाळीस वर्षं बैलगाड्या तपासत होते?"

मी चाचरत वॉरंटीचं बोललो. त्या म्हणाल्या, "एक स्क्रू फिरवणार नाही. तुम्ही सकाळी बॉनेट उघडा, मी वायरीभोवती चिमटा लावते, त्यात करंट दिसतो. नंतर तुम्ही ऑफिसला जा. तुम्ही नसलेलं बरं."

बाईंचा तो चिमट्याचा मीटर पिवळा, जुना, हँडलला चिकटपट्टी लावलेला. बॉनेट उघडं असलं तरी ते बंद आहे असं गाडीला वाटावं म्हणून त्यांनी त्याच्या कडीत स्क्रूड्रायव्हर सरकवला. किल्ली माझ्याकडून घेतली, स्वयंपाकघरात नेऊन पोह्यांच्या डब्याशेजारी ठेवली, "जवळ असली की हिला वाटतं मालक आला," असं म्हणाल्या. मग खुर्ची आणवली. शब्दकोड्याची पुरवणी, पाण्याची बाटली, मनगटावरचं घड्याळ आणि एक वही घेऊन त्या माझ्या गाडीच्या तोंडासमोर बसल्या.

पुढचं मला जोगांनी सांगितलं. त्यांनी विचारलं, "बाई, काय चाललंय?"

"गाडी झोपायची वाट बघतेय."

"आणि झोपली की?"

"झोपली की तिला उठवतं कोण, ते बघणार."

संध्याकाळी मी आलो तेव्हा बाई अजून तिथेच होत्या. शेजारी अनघा स्टुलावर बसून पेरू खात होती. दोघींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यावरून मी ओळखलं, की निकाल माझ्याविरुद्ध लागलेला आहे.

बाईंनी वही उघडली. "सव्वानऊला गाडी झोपली. करंट जवळपास नाही. उत्तम गाडी आहे, काही दोष नाही. नऊ चाळीसला जागी झाली. कुणी हात लावला नाही, जवळून मांजरही गेलं नाही. अर्ध्या तासाने झोपत होती, तेवढ्यात दहा दहाला पुन्हा जागी. दहा बावीसला जागेपणीच करंट पुन्हा उसळला. दहा पन्नास. इंजिनिअरसाहेब, दहा पन्नासला तुम्ही काय करत होतात?"

"मीटिंगमध्ये होतो."

"मीटिंगमध्ये काय करत होतात?"

अनघाने पेरूचा तुकडा तोंडात टाकला.

"गाडी बघत होतो," मी म्हणालो.

"हिंजवडीतून?"

"मोबाइलवर. ॲप आहे. बॅटरी उतरली नाही ना, ते कळतं."

बाईंनी वही मिटली. "वर जा. तिसऱ्या मजल्यावर गॅलरीत उभे राहा. मी सांगेपर्यंत फोनला हात लावायचा नाही."

गाडी झोपेपर्यंत अर्धा तास जायचा होता. तो अर्धा तास मी कसा काढला ते माझं मला माहीत. दोनदा खिशाकडे हात गेला, दोन्ही वेळा खालून "अंहं!" असं आलं. शेवटी बाई ओरडल्या, "बघा आता!" मी ॲप उघडलं. गाडीचं छोटं चित्र आलं, गोल फिरणारी खूण आली, आणि खालून बाई आणि अनघा एकदमच ओरडल्या, "उठली!"

झालं होतं ते इतकंच. मी ॲप उघडलं की ते गाडीला विचारायचं, गाडी जागी होऊन उत्तर द्यायची आणि पुढे अर्धा तास जागीच राहायची. जितकी बॅटरी उतरेल तितकी मला काळजी, जितकी काळजी तितका मी बघणार, आणि जितका बघणार तितकी ती उतरणार. दिवसभर बिचारीला मी डोळा लागू देत नव्हतो. बाईंनी माझ्यादेखत वहीत लिहिलं, "दोष: मालक." या वेळी खोडायला लावणारा साहेब कुणी नव्हता. ॲप अनघाने तिथल्या तिथे काढून टाकलं.

पुढचे अठरा दिवस गाडी तशीच उभी होती. मी रोज तिच्याजवळून जायचो आणि तोंड फिरवायचो. मंगळवारी सकाळी चहा घेताना अनघाने कप खाली ठेवला आणि ती म्हणाली, "चल." मी जिने कसे उतरलो ते आठवत नाही. बटण दाबलं आणि गाडी टुक करून उघडली. आयुष्यात एवढा सुंदर आवाज मी ऐकलेला नाही. खिडकीत बाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. "जा, जा," त्या न वळता म्हणाल्या. "मी बघत नाहीये."

इरा झाली. बाराव्या दिवशी बाई बाळंतविडा घेऊन वर आल्या. आल्या आल्या खुर्ची मागितली आणि पाळण्यासमोर हात मांडीवर ठेवून बसल्या. मी कामात होतो, पण अधूनमधून येऊन जात होतो. बाळ श्वास घेतंय ना, एवढंच बघायला नाकापाशी बोट धरायचो. बोट लागलं की इरा दचकायची, रडायची, अनघा पुन्हा थोपटायची. चौथ्यांदा आलो तेव्हा बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "अनघा, लिहून घे. चार दहा, चार अठरा, चार पंचवीस, चार एकतीस. दोष: बाप." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "रिसीव्हर खाली ठेवा, इंजिनिअरसाहेब. लाइन चांगली आहे."

मी खरंच शिकलो. सोपं गेलं नाही, पण शिकलो. इरा बालवाडीत जायला लागली तेव्हा फाटकाशी घुटमळलो नाही. तिची मोडलेली खेळणी घेऊन आम्ही दोघं बाईंकडे जायचो. बाई खुर्चीत बसून खेळण्याकडे बघायच्या, शेजारी स्टुलावर इरा तशीच हात मांडीवर ठेवून बघायची.

यंदाच्या उन्हाळ्यात एका दुपारी चारच्या सुमाराला चाक निखळलेली आगगाडी घेऊन आम्ही खाली गेलो. खिडकीतून पाहिलं तर बाई खुर्चीत होत्या. मांडीवर पुरवणी, मान थोडी कललेली, चष्मा तसाच. इरा दार वाजवणार, इतक्यात मी तिचा हात धरला. "झोपल्यात. उठवायचं नाही." आम्ही चवड्यांवर चालत परत आलो. मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

रविवार होता. संध्याकाळी पुतण्या आला. डॉक्टर म्हणाले, जेवण झाल्या झाल्या गेल्या असाव्यात, त्यांना काही कळलंही नसेल. म्हणजे मी दार वाजवलं असतं तरी काही फरक पडला नसता. अनघाने मला हे पुष्कळदा सांगितलं आहे. मला ते पटतं, आणि तरी माझा हात त्या दारापाशी अडकून राहिलेला आहे.

फ्लॅट रिकामा करताना पुतण्याने मला पिवळा मीटर आणि ती वही दिली. मी बाईंच्याच खुर्चीत बसून वही चाळली. जोगांचा पंप, चौथ्या मजल्यावरची सायकल, सगळ्यांचे दोष ओळीने लिहिलेले. माझ्या पानावर गाडीच्या त्या सगळ्या वेळा होत्या, खाली "दोष: मालक" होतं, आणि त्याखाली नंतर कधीतरी वेगळ्या शाईने लिहिलं होतं, "पुन्हा तक्रार नाही."

आहे, बाई. एकच आहे. पण ती आता कुणाकडे करायची?