सोडवत नाही ते

रोज संध्याकाळी सातच्या सुमारास जसिंता खिडकीशी उभी राहून समोरच्या पायरीवरच्या चपला बघायची. चपला तिच्या मुलाच्या, ब्रायनच्या. पायरी सेलिनाची.

गिरगावातली ही वाडी एवढी अरुंद, की सेलिनाकडे फोडणी पडली तर ठसका इकडे लागायचा. सेलिनाच्या मुलीशीच ब्रायनचं लग्न झालं, आणि दोघं दादरला राहायला गेली. ऑफिस सुटलं की तो वाडीत यायचा, पण आधी सासूकडे. इकडे यायचा तेव्हा पोट भरलेलं.

"तिकडे खाल्लं गं, मम्मी."

जसिंता भांड्यावर झाकण ठेवायची. जरा जोरातच.

राखेच्या बुधवारी, ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपास सुरू होतो त्या दिवशी, ती चर्चमधून आली, तेव्हा नवऱ्याने, कायतानने विचारलं, "ईस्टरपर्यंत काय सोडणार यंदा? मटणच?"

"मग काय, दरवर्षीसारखं."

"दात पडले तुझे, आता मटणानेच तुला सोडलंय. सोडवत नाही असं काहीतरी सोड ना!"

तो चेष्टेत बोलला, तिला मात्र ते लागलं. दुसऱ्या दिवसापासून सातच्या आधी ती खिडकी लावून घेऊ लागली. का, ते कुणाला सांगितलं नाही.

चपला दिसत होत्या तेव्हा निदान तो किती वेळ बसला ते कळायचं. आता नुसतं हसू ऐकू यायचं, आणि ते तिला पूर्वीपेक्षा लांबलेलं वाटायचं. रविवार उपासात धरत नाहीत, म्हणून रविवारी ती दिवसभर खिडकी सोडायची नाही. रविवारी ब्रायन येतच नसे.

चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी तो थेट इकडे आला.

"मम्मी, खिडकी का बंद असते? काल सेलिना आंटी म्हणाली, तुझी आई रागावलीय, उद्या आधी तिकडे जा. जेवूनच मग इकडे ये."

म्हणजे आला, तोही तिने पाठवला म्हणून. जसिंताच्या जिभेवर काय काय आलं. पण उपासात असलं बोलून कसं चालेल? तिने वालाचं बिरडं वाढलं. तो दोनदा मागून जेवला. ती समोर बसून बघत राहिली.

मग उठून तिने एका डब्यात बिरडं भरलं आणि त्याच्या हातात दिलं.

"हे सेलिनाला दे. डबा घासत बसू नको म्हणावं. तसाच घेऊन लगेच ये."