फेलिमच्या बाजूची पेटी

अट्रॅक्टा मॅकगॉर्टी लंगडत चालायची. का, ते लिट्रिम परगण्यातल्या त्या सीमेवरच्या गावात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणी विचारत नसे. पाचव्या बाळंतपणात मूल अडलं. इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरने नर्सना तिचे पाय धरायला लावले आणि ती पूर्ण शुद्धीत असताना ओटीपोटाखालचं हाड करवतीने कापून वाट रुंद केली. पोट कापून मूल काढता आलं असतं. पण पोट तीन-चारदा कापलं की पुढची मुलं थांबवावी लागतात, आणि थांबवणं म्हणजे पाप. म्हणून हाड. "आता दहा झाली तरी अडचण नाही," हात धुता धुता डॉक्टर म्हणाला. मूल गेलंच. साबणाचा वास आला की अट्रॅक्टा पुढे कायम उठून बाहेर जायची.

सहाव्या खेपेलाही मूल गेलं, आणि ती मरता मरता वाचली. त्या वेळी झोपायच्या खोलीतल्या फळीवरची पेटी खाली काढली होती. तिकडे प्रत्येक घरात अशी लाकडी पेटी असते: क्रूस, दोन मंतरलेल्या मेणबत्त्या, कापूस आणि तीर्थाची बाटली. माणूस शेवटच्या घटका मोजू लागला की फादर येतात, पेटी उघडतात आणि कपाळाला तेल लावतात; घरचं कोणीतरी मेणबत्ती धरून उभं राहतं. तिचा नवरा फेलिम याचा बाप, आई, भाऊ, तिघंही पेटी उघडल्यावर गेले होते. हा धटिंगण बैलाला शिंगांनी धरून लोळवायचा, पण त्या पेटीला बोट लावायचा नाही. तिला तो मरणपेटी म्हणायचा आणि तिच्याकडे पाठ करून झोपायचा.

तेल लागूनही अट्रॅक्टा जगली, आणि तिने ठरवलं की आता पुरे. पुढच्या बाळंतपणात आपण जाणार आणि घरातली चार पोरं उघडी पडणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. तिने नवऱ्याला नाही म्हटलं. फेलिमने तिचा दात पाडला. तिने पुन्हा नाही म्हटलं, तेव्हा बरगडी मोडली. मग ती देवळात पापांची कबुली द्यायला गेली. फादर डिग्ननने जाळीपलीकडून विचारलं, "नवऱ्याला नाही म्हणतेस? हे पाप नाही वाटत तुला?"

"मी मरेन, फादर."

"देव देतो तेव्हा निभावूनही नेतो. हट्ट सोड, मग क्षमा मिळेल."

फेलिमलाही फादरने वेगळं बोलावून चार शब्द सांगितले. तेव्हापासून त्याच्या मुठीला देवळाचा टेकू मिळाला. दाद मागायची तर कुठे? मूल टाळायची कुठलीही वस्तू विकणं किंवा देशात आणणं हा गुन्हा होता. कायदा राजधानीत लिहिलेला होता, पण भाषा रविवारच्या प्रवचनाचीच होती. लिहिणाऱ्यांपैकी एकालाही कधी कळ आली नव्हती.

पूल ओलांडला की मात्र दुसरा देश, दुसरा कायदा. तिकडचं लोणी स्वस्त, म्हणून गावातल्या बायका ते कोटाखाली लपवून आणायच्या. जकातीच्या चौकीत बायकांची झडती घ्यायला डिंफ्ना कीनी होती. ती वरवर चाचपायची आणि सोडून द्यायची, कारण तिच्या घरीही तेच लोणी होतं. अट्रॅक्टा पलीकडे एका डॉक्टरीणबाईकडे गेली. बाईंनी तिला आत बसवायची रबराची टोपी दिली आणि ती कशी वापरायची ते शिकवलं. येताना अट्रॅक्टाने टोपीची डबी लोण्याच्या गोळ्यात दाबली. डिंफ्नाच्या बोटांना ती लागली.

"हे काय गं?"

"डोकेदुखीचं मलम."

डिंफ्नाने तिच्या काळ्यानिळ्या डोळ्याकडे पाहिलं. "पळ लवकर. लोणी वितळेल."

डबी ठेवायची कुठे, याचा अट्रॅक्टाला विचारही करावा लागला नाही. फेलिम ज्याला हात लावणार नाही, अशी घरात एकच जागा होती. डबी मरणपेटीत, कापसाखाली गेली. दोन वर्षं निभावलं. फेलिम दारू पिऊन "वांझ झालीस की काय, रांडे?" असं विचारायचा, मारायचा, पण तिला दिवस काही गेले नाहीत.

मग त्यांच्या घरी मिस्सा, म्हणजे देवळातली रविवारची उपासना, करायची पाळी आली. वर्षातून एकदा फादर एकेका घरी येऊन मिस्सा करतात, शेजारीपाजारी जमतात. घर चुन्याने पांढरं करायचं, स्वयंपाकघरातल्या टेबलाची वेदी करायची आणि नंतर फादरना न्याहारी द्यायची. आधी सगळ्यांची कबुली होते, तीही घरच्याच झोपायच्या खोलीत. अट्रॅक्टाने वेदीसाठी नव्या मेणबत्त्या आणून ठेवल्या होत्या, पेटीला हात लागू नये म्हणून. पण सकाळी सदऱ्याची कॉलर नीट इस्त्री झाली नाही म्हणून फेलिमने तिला टेबलावर आपटलं, आणि एक मेणबत्ती तिच्या अंगाखाली मोडली.

लोक जमले. ती चहाची किटली भरत होती, तेवढ्यात कोणीतरी मोडक्या मेणबत्तीबद्दल बोललं. आतून फादरचा आवाज आला, "पेटीत असतीलच की. थांबा, मीच काढतो."

अट्रॅक्टाला कडी उघडल्याचा आवाज ऐकू आला. किटली हातात तशीच राहिली.

फादर उघडी डबी घेऊन बाहेर आले. "हे काय आहे, अट्रॅक्टा?"

"मला जिवंत ठेवणारी वस्तू आहे, फादर."

"देवाचा गुन्हा आहे हा, आणि देशाचाही. डिंफ्ना, तू सरकारची माणूस. हे पुलावरून आलं कसं?"

डिंफ्ना दाराशी उभी होती. "लोण्यातून आलं, फादर. तुमच्या पावाला लावायचंय ना, तसल्याच लोण्यातून."

कोणीतरी हसू दाबलं. फादरचे कान लाल झाले. त्यांनी डबी फेलिमच्या हातात दिली. "तुझं घर आहे. तूच साफ कर."

फेलिमने डबी चुलीत फेकली आणि लोखंडी चिमटा उचलला. पहिला घाव अट्रॅक्टाच्या खांद्यावर बसला. दुसरा करवतलेल्या हाडावर. ती खाली पडली. पुरुष हातातल्या हॅट्सकडे बघत राहिले. फादर वेदीकडे वळून गळ्यातला उपासनेचा पट्टा सारखा करू लागले, आणि या एका गोष्टीबद्दल त्या माणसाला मी कधीही माफ करणार नाही.

तिसरा घाव पाठीत बसेपर्यंत ती सरपटत चुलीशी पोचली होती. तिने विस्तवात हात घातला. टोपी वितळून तिच्या तळव्याला चिकटली. रबराचा आणि कातडीचा वास घरभर पसरला. ती ओरडली नाही. टेबलाला धरून उठली, आत गेली आणि पेटी घेऊन आली. ती तिने वेदीवर ठेवली, उघडीच.

"उघडलीच आहे तर आत्ताच तेल लावा, फादर. पुढचं मूल मला नेणारच आहे. गाव जमलंय, मेणबत्ती आहे. तुम्हाला पुन्हा हेलपाटा नको." मग ती नवऱ्याकडे वळली आणि पेटीतली मेणबत्ती त्याच्यापुढे धरली. "ये. तू धर ही."

फेलिम मागे सरकला. चिमटा गळून पडला आणि त्याची पाठ भिंतीला लागली. मेणबत्ती जवळ आली तसा तो बाजूला वळला. अट्रॅक्टाने ते पाहिलं आणि हात खाली घेतला.

फादरनी मिस्सा कशीबशी उरकली. तिला प्रसाद दिला नाही आणि न्याहारीलाही थांबले नाहीत. डिंफ्नाने तिच्या तळहाताला तेच लोणी लावून फडकं बांधलं.

संध्याकाळी फेलिम झोपायच्या खोलीच्या दाराशी आला. त्याच्या बाजूच्या उशीवर मरणपेटी होती, झाकण उघडं, क्रूस वर.

"हलव ते."

"तू हलव," अट्रॅक्टा म्हणाली आणि पांघरूण ओढून घेतलं.

त्याने पेटीला हात लावला नाही. मग स्वयंपाकघरातल्या बाकावर जाऊन झोपला, आणि पुढे सारा जन्म तिथेच झोपला. त्याने फादरकडे तक्रार केली. आजवर अंथरुणाबद्दल त्यांच्याकडे सगळ्या प्रश्नांची उत्तरं असायची. पण बायकोच्या पलंगावरून क्रूस आणि तीर्थ काढून टाक, असं कुठल्या तोंडाने सांगणार? त्यांनी विषय बदलला.

मार संपला, असं खोटं सांगण्यात अर्थ नाही. अंगणात, गोठ्यात, चुलीपाशी त्याचा हात उठायचा. त्या खोलीचा उंबरा मात्र त्याने ओलांडला नाही. त्यानंतर अट्रॅक्टाला मूल झालं नाही, आणि चारही पोरांची लग्नं तिने स्वतः उभं राहून लावली.

देशाचा कायदा बदलायला पुढे कितीतरी वर्षं लागली. तोवर फेलिम बाकावरच गेला होता. अट्रॅक्टा म्हातारी होऊन त्याच पलंगावर गेली. तेल लावून नवे फादर निघाले, तेव्हा डिंफ्ना पेटी मिटायला गेली. इतकी वर्षं उघडी राहून बिजागऱ्या गंजल्या होत्या. झाकण काही बसेना, तेव्हा तिने ते तसंच राहू दिलं.