ओंजळीवरची धार

ओल्या गोणपाटाचा आणि वाळ्याचा मिळून एक वास असतो. वैशाखातल्या नागपुरात तो घरोघरी दरवळतो, कूलरच्या ताट्यांतून झिरपत दुपारच्या झोपेत मिसळतो आणि होरपळलेल्या माणसाला सुखावतो. मला मात्र तो वास सोसवत नाही. इतक्या वर्षांनंतरही मी उठून खिडकी उघडते, बाहेरची झळ आत येते आणि घरातले सगळे माझ्यावर वैतागतात.

मी नववीची परीक्षा दिली तेव्हाची गोष्ट. जुनी मॅट्रिक जाऊन दहावीची नवी पद्धत आली होती आणि तिच्या पदराला धरून समाजसेवा नावाचा एक विषय आला होता. त्याला पुस्तक नव्हतं, पेपर नव्हता, होती फक्त श्रेणी. कुठल्या शाळेने रस्ते झाडले, कुठल्या शाळेने झाडं लावली; आमच्या वर्गशिक्षिका वैद्यबाई यांनी इतवारीत पाणपोई चालवायचं ठरवलं. धान्यबाजारातल्या एका शेटजींनी आपल्या दुकानापुढचा ओटा आणि रांजण दिले. त्यांची मुलगी सुनंदा माझ्याच वर्गात होती. सुट्टीत सर्वांत मनापासून राबणाऱ्या मुलीला स्वातंत्र्यदिनी शाळेतर्फे रौप्यपदक मिळणार होतं.

माझे बाबा सरकारी कचेरीत कारकून. "घरचा माठ भरायला काहून सुचत नाही तुला? आणि तिकडे भरबाजारात लोकांना पाणी पाजत उभी राहशील?" असं म्हणून त्यांनी विषय संपवला होता. मग वैद्यबाई स्वतः घरी आल्या. आईच्या हातचं पन्हं त्यांनी सावकाश संपवलं आणि बाबांना म्हणाल्या, "पाठवा हो तिला. पदक कोणाला द्यायचं ते मीच तर ठरवून राहिले. मला डोळे आहेत, कोण काय करतं ते सगळं दिसतं."  संध्याकाळी बाबांनी रेडिओच्या फळीवरचं घड्याळ जरा बाजूला सरकवलं आणि कोणी न विचारताच म्हणाले, "असू दे, जागा लागेल." त्या रिकाम्या वीतभर फळीकडे बघत मी जेवले.

इतवारीची सकाळ मिरच्यांच्या ठसक्याने सुरू व्हायची. हातगाड्यांची चाकं फरशीवर खडखडत, भांडेबाजारातून ठोक्यांचा नाद येई, पोती उतरताना उडालेली धूळ तिरप्या उन्हात पिवळी होऊन तरंगत राही, आणि त्या सगळ्या कोलाहलात आमच्या ओट्यावरचे गोणपाटात गुंडाळलेले रांजण तेवढे शांत आणि ओले असत. पेले आम्ही ठेवले नव्हते. प्यायला येणारा वाकायचा, दोन्ही हातांची ओंजळ ओठांशी धरायचा आणि मी लांब दांड्याच्या ओगराळ्याने वरून पाणी सोडायची. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. धार जाड झाली की पाणी नाकात जातं, बारीक झाली की तहानलेल्याचा जीव कासावीस होतो, आणि मध्येच तुटली तर तो घोट गिळता गिळता थबकतो. पुरे झालं की माणूस नुसती मान हलवतो. त्या हलण्याच्या आधी, त्याच्या खांद्यांचा ताण सैल होतो तिथेच, मला ते कळू लागलं.

चेहरे मला फारसे दिसत नसत. मी माणसं ओळखायची ती मानांवरून. कुणाच्या मानेवर काळा दोरा, कुणाच्या फेट्याची विशिष्ट गाठ. सुखदेव नावाच्या एका म्हाताऱ्या हमालाच्या मानेवर पोती वाहून वाहून पडलेला घट्टा होता आणि त्याच्यासाठी मी वाळ्याच्या रांजणातलं, सर्वांत गार पाणी राखून ठेवायची. "थंडं हाय जी," एवढंच तो पुटपुटायचा आणि निघून जायचा. ऊन चढत गेलं तशा बाकीच्या मुली एकेक करून गळाल्या; वैद्यबाई मात्र रोज येऊन समोर उभ्या राहत, बघत. सुनंदा कधीमधी माडीवरून खाली यायची, थोडा वेळ उभी राहायची आणि डोकं दुखतं म्हणून परत जायची. मुलगी मनाने चांगली होती, तिच्यावर माझा तेव्हाही राग नव्हता. मी मात्र त्या ओट्यावर सुखी होते; लोकांना आपण हवे आहोत ही भावना काय असते, ते मला तिथेच प्रथम समजलं.

सुट्टीच्या अखेरीस मुख्याध्यापिका आणि एक पाहुणे पाणपोई बघायला आले. बरोबर वर्तमानपत्राचा छायाचित्रकार होता. ते वळणावर दिसले तेव्हा वैद्यबाई माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "रांजण रिता दिसतो आहे, मागच्या नळावरून एक घागर घेऊन ये बरं." रांजण रिता नव्हता, पण बाईंनी सांगितलं म्हणून मी गेले. घागर कमरेवर घेऊन परतले तेव्हा ओगराळं सुनंदाच्या हातात होतं आणि तिच्यापुढे सुखदेव वाकला होता. फोटो निघाला. पाहुण्यांनी कौतुकाने विचारलं, "का गा बाबा, एवढ्या उन्हात तुम्हाले पाणी कोण पाजते?" सुखदेवने मिशा पुसल्या, इकडेतिकडे पाहिलं. त्याची नजर माझ्या चेहऱ्यावरून गेली, थांबली नाही. "हे शेटजीची पोरगी जी," तो म्हणाला.

मी बाईंकडे पाहिलं. बाईंनीही माझ्याकडे पाहिलं, आणि मग त्या पाहुण्यांना दुकान दाखवायला वळल्या. शेटजी शाळेला दोन खोल्या बांधून देणार आहेत, हे मला नंतर कळलं.

पदक सुनंदाला मिळालं. बाबा कडक इस्त्रीचा सदरा घालून कचेरीतून थेट आले होते, पालकांच्या रांगेत बसले होते. सुनंदाचं कौतुक वैद्यबाईंनीच वाचलं, आणि काय वाचलं! ओंजळीवरची धार तुटू न देण्याची काळजी, म्हाताऱ्या हमालासाठी राखलेलं गार पाणी, मान हलण्याआधी ओळखलेली तृप्ती. एक गोष्टही सुटली नव्हती. नाव तेवढं माझं नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर व्हरांड्यात त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू समजदार आहेस," त्या म्हणाल्या. मला कोणीतरी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. घरी जाताना बाबांनी मला कुल्फी घेऊन दिली. फळीवरचं घड्याळ मात्र त्यांनी कधीच पुन्हा जागेवर सरकवलं नाही.

सुखदेववर मी बरीच वर्षं चिडून होते. मग एका उन्हाळ्यात भाचीच्या लग्नाची भांडी घ्यायला इतवारीत गेले असताना घसा अगदी कोरडा पडला, आणि समोर दिसली त्या पाणपोईशी मी वाकले. ओंजळ ओठांशी धरली, डोळे आपोआप मिटले. गार धार अखंड येत राहिली. मान हलवून मी सरळ झाले, तोंड पुसलं आणि चार पावलं चालून गेल्यावर थबकले. पाणी पाजणारं कोण होतं, बाई की पुरुष, म्हातारं की तरुण, काही सांगता येईना. वळून पाहिलं तर गर्दीच्या खांद्यांमधून ओगराळं धरलेला एक हात तेवढा दिसत होता. त्याच क्षणी सुखदेववरचा माझा राग गळून पडला. पिणाऱ्याला पाजणारा दिसतच नाही. त्याची मान खाली असते.

वैद्यबाई मात्र तेव्हा माझ्यासमोर उभ्या होत्या, आणि त्यांची मान वर होती.