खुर्ची भिरकावणाऱ्या बाईंचा तास

नर्सिंगच्या मुलींना संवादकौशल्य शिकवणाऱ्या बाई अंगाने चिपाड होत्या, पण तासाला त्या पेशंटचा दारुडा नवरा झाल्या की अख्खा वर्ग भिंतीला टेकायचा. "माझ्या बायकोला हात कुणी लावला?" म्हणत त्या खुर्ची भिरकावायच्या, समोरच्या मुलीची कॉलर धरून तिला गदागदा हलवायच्या. मुलीने आवाज चढवायचा नाही, जागा सोडायची नाही. अगदीच सहन झालं नाही तर तळहात वर करायचा. मग बाई जागच्या जागी थांबत, पदर सारखा करत आणि विचारत, "पाणी हवंय का गं?"

एका मुलीला सगळ्या ससा म्हणत. पहिल्या तासाला बाईंनी खुर्चीकडे नुसतं पाहिलं, तेवढ्यात तिचा हात वर गेला होता. बाईंनी तिच्यावर वर्षभर मेहनत घेतली. आपल्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम म्हणजे ही पोर, असं त्यांना वाटे.

अपघात विभागात तिची पहिली ड्यूटी लागली, तेव्हा बाई मुद्दाम बघायला गेल्या. भोसकलेला एक माणूस टेबलावरच गेला होता. त्याचा भाऊ आत घुसला, अडवणाऱ्या वॉर्डबॉयचं डोकं त्याने चौकटीवर आपटलं आणि सलाइनचा लोखंडी स्टँड उचलला. समोर ससा. तिच्या पाठीमागे दार सताड उघडं.

"दादा, तुम्ही फार घाबरलेले दिसताय. बसून..."

"घाबरलेला?" स्टँड औषधांच्या कपाटात घुसला, काचा उडाल्या. "मेलाय तो. तुम्ही मारलाय."

सशाने तळहात वर केला आणि ती तशीच उभी राहिली. तो थांबेल याची ती वाट बघतेय, हे तिथे फक्त बाईंना कळलं.

"पळ, मूर्खे," त्या ओरडल्या. तोवर स्टँड त्या हातावर बसला होता. हाड कडकन वाजलं. दुसरा घाव गालावर बसला, रक्त भिंतीपर्यंत उडालं. तिसरा बाईंनी स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि त्याच्या मनगटात दात रोवून त्या लोंबकळत राहिल्या. चौघांनी मिळून त्याला खाली पाडलं, तेव्हा कुठे बाईंनी तोंड उघडलं.

गालाचे टाके निघाल्यावर सशाचे वडील तिला कायमचं घरी न्यायला आले.

"मार खात उभं राहायला कुणी शिकवलं हिला?"

"मी," बाई म्हणाल्या.

"बाबा, एक तास बघा," ससा म्हणाली. "मग न्या."

वडील मागच्या बाकावर बसले. बाई सशाला एवढंच म्हणाल्या, "आज मी थांबणार नाही." त्यांनी खुर्ची उचलली आणि चाल केली. प्लॅस्टरमधला हात छातीशी धरून सशाने टेबल असं काही ढकललं की त्याची कड बाईंच्या पोटात बसली. खुर्ची पडली, बाई पडल्या. वडील अर्धवट उठले. तोवर ससा दाराबाहेर होती आणि तिने बाहेरून कडी घातली होती. गार्डला मारलेल्या तिच्या हाका आत ऐकू येत होत्या.

बाई जमिनीवर पोट धरून बसल्या होत्या. ओठ फुटला होता.

"ती सुटली, ठीक," वडील बंद दाराकडे बघत म्हणाले. "पण आम्ही सगळे या दारुड्याबरोबर आतच की."

"ते पुढच्या आठवड्यात शिकवायचंय," बाई म्हणाल्या.

वडील पुन्हा बाकावर बसले. "मग आठवडाभर ठेवावीच लागेल."