एकच तार

पोस्टाच्या ओट्यावर उन्हात उभी असलेली ती कोळीण मला आजही जशीच्या तशी दिसते. एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. कुलाबा जिल्ह्यातल्या एका बंदरगावी मी फौजदार होतो. गावातून मुंबईला बोलायला टेलिफोनची एकच तार होती, पोस्टातली.

"सायब, सकालपासून उभी हाय," ती म्हणाली. "घरवाला दोन दिस दर्यावर हाय, होडी आली न्हाय. मुंबईला ससून डॉकला दीर हाय, त्याला इचारायचं हाय. पन नंबरच लागत न्हाय."

मी पोस्टमास्तरांना तातडीचा कॉल लावायला लावला. होडी तिथे पोचली नव्हती. दिराने निघणाऱ्या होड्यांना निरोप दिला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी इंजिन बंद पडलेली होडी ओढून आणली गेली. तिचा नवरा धरून होडीतले तिघेही जिवंत होते, पण तहानेने जीभ सुजलेली.

संध्याकाळी पोस्टाचा शिपाई ठाण्यात आला. "माझं नाव येऊ देऊ नका, साहेब. रोज पोस्ट उघडताच तेच चौघे नंबर लावतात. एकाचं संपलं की दुसरा. दुपारपर्यंत तार त्यांचीच."

चौघांना बोलावून वेगवेगळे बसवले. कोणाशी बोललात, एवढाच प्रश्न. एकाने मामा सांगितला, दुसऱ्याने मेहुणा, तिसऱ्याने डॉक्टर. पोस्टाच्या पावत्यांवर मात्र चौघांनी लावलेला मुंबईचा नंबर एकच होता. चौथा म्हातारा गावातल्या मासळीच्या व्यापाऱ्याकडे, शेठकडे, सुकट वाळवायच्या खळ्यावर कामाला होता. त्याला मी होडीतल्या तिघांची हकिकत सांगितली. मग तो खरे सांगू लागला.

"बोलायला काय नसायचं, सायब. शेठ म्हनला, पेपर वाचून दाखव, पन फोन सोडू नको."

नंबर शेठच्याच मुंबईतल्या माणसाचा होता. मुंबईचा भाव इतर कोळ्यांना कळू नये, म्हणजे मासळी आपल्यालाच पडत्या भावात मिळेल, हा शेठचा हिशोब.

"फोन करणं गुन्हा आहे का, साहेब?" ठाण्यात बोलावल्यावर शेठने विचारले.

"नाही," मी म्हणालो. माझ्याकडे खरोखरच कलम नव्हते. म्हाताऱ्याचा जबाब मात्र मी कोळीवाड्याच्या पंचांसमोर शेठला मोठ्याने वाचून दाखवला. होडीतल्या तिघांपैकी एक तिथे बसला होता.

मग पोस्टमास्तरांबरोबर नियम ठरवला: एका माणसाला एक कॉल, पुन्हा बोलायचे तर रांगेच्या शेवटी. जिवाचे काम असेल त्याला पहिला मान. त्यांनी वरून मंजुरीही आणली. सही करताना ते चाचरत म्हणाले, "राग मानू नका, पण शेठच्या खालोखाल कॉल तुमच्या ठाण्याचे आहेत."

मी पावत्या पाहिल्या. खरे होते. टपालाने गेले असते असे कितीतरी अहवाल आमचे हवालदार फोनवर सांगत होते, आणि सरकारी म्हणून रांग मोडून. त्याच दिवशी मी ते बंद केले.

पुढे मी बरेच गुन्हे उघडकीस आणले. तपास स्वतःच्या ठाण्यापासून सुरू करावा, हे मात्र मी त्या पोस्टात शिकलो.